धूर आणि हरण्या

टॅम्पिनीस, सिंगापूर
१५ सप्टेंबर २०१९

ती. दादास स्मिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इथे आठवडाभर सूर्य म्हणजे नुसता शिळा बलक दिसतो आहे. तिकडे सुमात्रात पामच्या लागवडीसाठी रान आणि सुकवलेली दलदल पेटवतात आणि वारा तो सगळा धूर आमच्या घरात आणून सोडतो. खिडक्या बंद, तोंडाला मास्क. आणि आमचे हे त्याच पामतेलाच्या कंपनीत मोठे अधिकारी! परवा कंपनीच्या जेवणाला गेलो होतो. साहेबांनी भाषण ठोकलं की, पाम म्हणजे मानवजातीला मिळालेलं वरदान. मधे तीनदा खोकले बिचारे. मी टाळ्या वाजवल्या, त्या खोकल्याला.

आणि अशात तुझा निरोप! नाल्याकाठचा आपल्या दोघांच्या नावावरचा मळाही तुला केळीखाली घालायचा आहे म्हणे. लिंबं, सीताफळं, तो बुटका चिकू, कडेची तूर, सगळं काढून? तीस एकर केळी कमी पडते का रे? कुमुदवहिनी सांगत होती, गावात तुला केळीसम्राट म्हणतात. सम्राटाला राज्यात दुसरं झाड खपत नाही एवढंच मला त्यातून कळलं. माझी संमती नाही. स्वच्छ अक्षरात लिहिते, नाही.

आमच्या जाईला कालपासून थोडी धाप लागते आहे. बाकी ठीक. लोभ ठेव, पण माझ्या मळ्यावर नको.

तुझी स्मिता


रावेर
२४ सप्टेंबर

चि. सौ. स्मितास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ‘नाही’ पोचलं. जरा उशिरा पोचलं. मळ्यात मे महिन्यातच जेसीबी फिरला. केळीची रोपं आता गुडघ्याच्या वर आलीत. तुला विचारलं ते रीत म्हणून.

तू ज्या कॉन्डोत बसून चिकूवर माया करतेस, त्याचं भाडं कोणतं झाड भरतं ते जावईबापूंना विचार. तुझ्या साबणात पाम, बिस्किटात पाम, आणि ज्या हातांनी टाळ्या वाजवल्यास त्यांच्या क्रीममध्येही पामच असणार. आम्ही निदान आमचं केळं लपवत नाही.

लिंबाला आज विचारतो कोण? माझा माल आखातात जातो. तिथल्या व्यापाऱ्याला एका मापाची फणी लागते, एका रंगाचं केळं लागतं. चार झाडं चार तऱ्हेची लावून शेती होत नसते, त्याला परसबाग म्हणतात. ती तू गॅलरीत कर.

जाईला जप. हळद-दूध दे. राग मावळला की लिही, नाही मावळला तरी लिही.

दादा


टॅम्पिनीस
३ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार लिहिते आहे, पण हात जोडलेले नाहीत. विचारल्याचं नाटक करायला तुला जराही लाज वाटली नाही ना?

तुझ्याशी भांडायलाही आज अंगात जोर नाही. जाईला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. शाळेतून परत येताना एमआरटीच्या फलाटावरच तिचा श्वास अडकला. आता घरी आली आहे, काळजी करू नकोस. पण जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

तिच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता आणि निशिकांत शेजारी बसून कंपनीचं निवेदन पाठ करत होता. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे त्याला सांगायचं होतं की, आग शेजारच्या जमिनीवर लागली, आमचा संबंध नाही. पोरीने मास्क बाजूला केला आणि तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, पपा, योर स्मोक ला, इज इट? म्हणजे, हा तुमचाच धूर ना? तिच्या स्वरात राग नव्हता. ही बस बेडोकला जाते का विचारावं तसं विचारलं. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला. मीच तिचा मास्क पुन्हा नीट लावला.

तो पत्रकारांपुढे गेला नाही. नोकरीचा राजीनामा देऊन आला. मी काय म्हणाले असेन? म्हटलं, पन्नाशीत हिरो व्हायचं सुचलं, इथे राहायचा कामाचा पास रद्द झाला तर मुलीच्या शाळेचं काय? तो म्हणाला, तिला द्यायला एवढंच उत्तर होतं माझ्याकडे. मग मी चहा केला. दुसरं काय करणार?

मागे एकदा मी त्याच्याबरोबर त्यांच्या पामच्या इस्टेटीवर गेले होते. तासन्‌तास गाडी चालली तरी तेच झाड. भर दुपारी तिथल्या बायका रस्त्यावर ट्रकची वाट बघत उभ्या होत्या. कोथिंबिरीच्या ट्रकची! चहूकडे जमीन, आणि काडीभर कोथिंबीर बाहेरून येते. तेव्हा मी हसले होते, कारण ते रावेर नव्हतं.

स्मिता


रावेर
१४ ऑक्टोबर

चि. स्मिता, आशीर्वाद.

जाईचं वाचून कुमुद रडली. मी नाही रडलो, मला वेळ नाही. आमच्याकडे हरण्या आला आहे.

तुला माहीत नसेल. केळीचा रोग आहे. पानावर पिवळे पट्टे पडतात, पान चिरतं, मग मधला कोवळा पोंगा सडतो. पहिल्यांदा आपल्या मळ्यातच दिसला. मी म्हटलं, दोन-चार रोपं उपटून टाकू. पण सगळी रोपं प्रयोगशाळेतली, एका आईची लेकरं. एकाला जे होतं ते दुसऱ्याला टळत नाही. मावा किडा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि त्याला मधे दुसऱ्या जातीचं झाड आडवं येतच नाही. औषधवाला म्हणाला, फवारून उपयोग नाही, उपटा आणि लांब खड्ड्यात पुरा.

शेजारचा दीनानाथ बांधावर येऊन ओरडला, शशिकांता, तुझी घाण माझ्या बागेत येईल, आजच काढ! गेल्या वर्षी हाच माणूस माझ्या घडाबरोबर फोटो काढून घेत होता. नवी लागवड सगळी गेली. जुनी बाग उभी आहे, पण रोज सकाळी तिचं एकेक पान उलटून बघतो.

हसायचं असेल तर हसून घे. निशिकांतरावांना माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नाही, नमस्कार.

दादा


बुकित पंजांग
२६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हसले नाही. हसणार होते, शब्दही जुळवले होते. मग रोपं पुरताना तू एकटा उभा असशील असं डोळ्यांपुढे आलं आणि शब्द गिळले.

आंग मो किओ भागात एका छोट्या कंपनीत निशिकांतला काम मिळालं. यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळायचं. पद लहान, पास मिळाला, शाळा टिकली. कॉन्डो सोडून इथे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये आलो. माझ्या भिशीतल्या बायका ‘कित्ती शांत एरिया’ म्हणून गेल्या. त्यांच्या भाषेत ते सांत्वन असतं. धूर ओसरला. जाई खाली बॅडमिंटन खेळते आहे.

त्या मळ्यात आता पुन्हा केळीच लावणार आहेस का? या खेपेला रीत म्हणून विचारते.

स्मिता


रावेर
१७ नोव्हेंबर

चि. स्मितास अनेक आशीर्वाद.

लावणार होतो. मला दुसरं येतं काय? पण दीनानाथ आणि आणखी चार जण दारात येऊन बसले की, तिथे यंदा केळी दिसता कामा नये. तेव्हा तुझ्या उपदेशाने काही घडलं असं मनात आणू नकोस.

म्हटलं, दादर पेरू. आपल्या खानदेशची ज्वारी, अवघड ते काय? तर अख्ख्या गावात बी नाही. बी सोड, पेरायला तिफण नाही! गावभर विचारत फिरलो. एका घरी सापडली, तिच्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. तिचे फण गंजून गेलेले. शेवटी चोपड्याला कुमुदच्या माहेरून बी आणि तिफण आणली. मेहुणे म्हणाले, भाऊजी, तुमच्याकडे केळीवर ज्वारी लागते का? पोटभर हसले ते, वर जेवण घातलं.

पेरायला मीच उभा राहिलो. बी कुठे मूठभर पडलं, कुठे पडलंच नाही. ओळी दारुड्याने काढल्यासारख्या गेल्या. रस्त्यावर मोटरसायकली थांबवून पोरं बघत होती. तिफणीमागून चालताना कुमुदलाही हसू आवरेना. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं एका शेतात कधी राबलो नव्हतो. केळीत सगळी मजुरांच्या टोळीची कामं.

पेरायला उशीर झालाच आहे. तरी उगवलं आहे. विरळ आहे, वाकडं आहे, पण उगवलं आहे. काल संध्याकाळी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

जाईला डिसेंबरची सुट्टी असेल. तिला घेऊन दोघंही या. गावाचं हसून झालंय, दीनानाथचं झालंय, माझ्या सासुरवाडीचंही झालंय. आता तेवढे तुम्हीच राहिलात.

दादा