सुप्यापर्यंतची रेंज

२८ जुलै १९९९, बुधवार. आषाढ पौर्णिमा.
विहारातून आले. आजपासून वर्षावास सुरू, पावसाळ्याचे तीन महिने. चांगल्या दिवशी संकल्प केलेला बरा, म्हणून लिहिते: महेंद्रांच्या लॅपटॉपमधलं बिनतारी कार्ड मी चालू करणार.

पार्श्वभूमी. महेंद्रांच्या कंपनीत जर्मन आले होते. जाताना जुना लॅपटॉप आणि पत्त्याच्या पानाएवढी दोन कार्डं ठेवून गेले. एक कार्ड सुप्याला फॅक्टरीच्या ऑफिसात, दुसरं या लॅपटॉपात. दोन्ही चालली की मधे वायर न टाकता एकमेकांशी बोलतात म्हणे. कार्डाची विंडोजची फ्लॉपी जर्मनांबरोबरच गेली. मग महेंद्रांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. तेवढ्यात त्यांची शिफ्ट बदलली आणि सुप्याला खोली घ्यावी लागली. फेब्रुवारीत. तात्पुरती. नगरहून सुपा एसटीने तासभरच, पण रोजचा प्रवास माणसाला खातो. कंपनीची बस आमच्या चौकातून जाते हे खरं. पण तिच्या सीट कडक आहेत.

परवा फोनवर म्हणाले, तुला जमतंय का बघ. चालू झालं की सांग, मी येतो.

'मी येतो' हे आपणहून म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला हे फार तर आठवड्याचं काम.

वर्षावासात रोज एकेका घरी धम्मग्रंथाचं वाचन असतं. ज्यांचं घर, त्या नवरा-बायकोने पांढरे कपडे घालून पुढे बसायचं, शेवटी सगळ्यांना खीर. विहार समितीचे भाऊसाहेब यादी करत होते. म्हणाले, दीपाताई, महेंद्रची सुट्टी बघून सांगा, तुमचं घर कधी लावू? मी म्हटलं, लावा ८ ऑगस्ट. बघायचं काय त्यात.

३१ जुलै, शनिवार.
कार्ड आत सरकवलं की लॅपटॉप दोनदा वाजतो. पहिला बीप उंच: कार्ड ओळखलं. दुसरा खालच्या पट्टीत: ओळखलं, पण काम जमणार नाही. दिवसभर तेच. उंच, खाली. उंच, खाली.

सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, ह्यो बी आमच्या मह्यावानीच बोलतोय की. आधी व्हय, मग न्हाई.

मी म्हटलं, आई, तसं काही नसतं, ही ड्रायव्हरची भानगड आहे. म्हणाल्या, मग ड्रायवर बदल.

सासूबाई माझ्याकडेच राहतात. मुलगा सुप्याला आणि आई माझ्याकडे, यावरूनच व्यवस्था तात्पुरती आहे हे कळतं.

४ ऑगस्ट, बुधवार.
गहिनीनाथच्या एसटीडी बूथवर एक कॉम्प्युटर आहे, त्याला इंटरनेट आहे. तिथून लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला. सभ्य इंग्रजी. रविवारी घरी कार्यक्रम असल्याने लवकर कळवावे, असंही लिहिलं.

७ ऑगस्ट, शनिवार.
फिनलंडच्या एका गृहस्थाचं उत्तर. मशीनवर काय काय एरर येतात ते पाठवा. आणि कार्ड ज्याच्याशी बोलणार तो दुसरा कॉम्प्युटर किती अंतरावर आहे?

ओळख ना पाळख, एकदम चौकशा. एरर पाठवल्या. अंतराचं लिहिलं नाही.

उद्याचं वाचन पुढे ढकललं. भाऊसाहेबांना म्हटलं, शिफ्ट आहे. म्हणाले, रविवारची पण? मी म्हटलं, हो, हल्ली काही नेम नाही. बरं बरं म्हणाले, आणि २२ ऑगस्ट घातली. चांगला माणूस. फार विचारत नाही.

११ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळ.
ग्रहणामुळे कॉलेज लवकर सुटलं. फिनलंडने सांगितल्याप्रमाणे लिनक्सचा गाभाच नव्याने तयार करायला लावला. काही तास लागतात. गल्लीत सगळी दारं बंद. शेजारच्या झुंबरबाईंनी खिडकीच्या फटीतून ओरडून सांगितलं, आत व्हा ओ, दोघी बी! सासूबाईंनी मुद्दाम खुर्ची ओट्यावर घेतली आणि भेळ खाल्ली. मीही खाल्ली. उजेड पिवळट झाला. मग लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच आहे, त्यामुळे गाभा अर्ध्यावर गेला.

झुंबरबाई म्हणणार, ग्रहणात केलं म्हणून. त्यांच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, येमेशीबीनं घात केला बघ.

उद्यापासून शिस्तीत. पहाटे उठून.

१२ ऑगस्ट, गुरुवार.
पहाटे उठले नाही.

१५ ऑगस्ट, रविवार.
झेंडावंदन करून बूथवर. फिनलंडचा पुन्हा तोच प्रश्न: अंतर? शेवटी लिहिलं, दुसरा कॉम्प्युटर शेजारच्या तालुक्यात आहे.

१९ ऑगस्ट, गुरुवार.
फिनलंडचं उत्तर: ही थट्टा आहे का? हे कार्ड एका इमारतीत चालतं. फार तर समोरच्या.

त्याच्याकडे जंगल, बर्फ, ढग. त्या हिशेबाने तो बरोबरच. आपल्याकडे हवा कोरडी, मुलूख उघडा. आपल्या आकाशवाणीचं नगर केंद्र सुप्याला स्पष्ट लागतं, मी स्वतः ऐकलंय. अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते, हे मीच अकरावीला शिकवते. पण पुस्तकातली उदाहरणं आदर्श परिस्थितीची असतात.

गहिनीनाथने मागून वाकून मेल वाचली. म्हणाला, मॅडम, माझा कॉर्डलेस फोन हितून त्या लिंबापर्यंत पोचत न्हाई, तुमी सुप्याचं काय घेऊन बसला! मी म्हटलं, तुमचा फोन हलक्या कंपनीचा आहे. तो म्हणाला, व्हय, हाय खरा. ऐकून घेणारा माणूस आहे.

२१ ऑगस्ट, शनिवार.
वाचन १९ सप्टेंबरला नेलं. यापुढे बदल नाही, असं मी स्वतःच भाऊसाहेबांना ठणकावलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही एकट्या बसलात तरी चालतं हं. कुठं लिहिलंय दोघंच पाहिजेत म्हणून?

काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. एकटीने बसायचा प्रश्नच येत नाही.

२९ ऑगस्ट, रविवार.
सुप्याला जाऊन आले. कार्डाबरोबरची पुस्तिका आणायची होती. फोनवर सांगितलं असतं तर त्यांनी कोणाबरोबर पाठवून दिली असती, म्हणून सांगितलं नाही.

महेंद्र भाकरी थापत होते. मला बघून म्हणाले, अरे, तू? ये, ये, चप्पल आतच काढ, बाहेर कुत्रं नेतं. खोली एकच, पण झाडलेली. एक ताट, एक पेला, एक कप. खिडकीत पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर लावलीय. मला कपात चहा दिला आणि स्वतः पेल्यात घेतला. भाकरी गोल. घरी असताना त्यांनी कधी गॅस पेटवलेला मला आठवत नाही. थापताना काहीतरी गुणगुणत होते, मी आल्यावर थांबले.

वजन वाढलंय. एकटं राहिलं की माणूस सुजतो.

एकूण परवडच. एका ताटावर कोणी किती दिवस काढेल? दुसरं ताट घेतलेलं नाही, म्हणजे इथं मुक्काम ठोकायचा विचार नाही.

१९ तारखेचं विचारलं. म्हणाले, आधी कार्डाचं तर बघ. पुस्तिका दिली. स्टँडपर्यंत सोडायला आले, शिफ्ट नसूनही. हात हलवून निघाले. बस नंतर बऱ्याच वेळाने आली.

पुस्तिका जर्मन भाषेत आहे.

५ सप्टेंबर, रविवार.
इलेक्शन ड्यूटी. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोप, शाईचं बोट. लॅपटॉपला हात लावला नाही. दिवस बरा गेला.

१२ सप्टेंबर, रविवार.
झालं!

कार्ड आणि लॅपटॉपचा जुना सिरियल पोर्ट, दोघं एकाच नंबरवर हक्क सांगत होते. पोर्टाला कोणी वापरत नव्हतं, नुसता जागा अडवून बसला होता. त्याला बंद केलं. कार्ड सरकवलं. उंच. उंच.

पुन्हा काढून घातलं. उंच, उंच. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आता दोन्हीदा व्हय म्हनतंय का? मी म्हटलं, हो आई. म्हणाल्या, बरं झालं, आता बंद कर, डोकं उठलंय.

मग लॅपटॉप गच्चीवर नेला. लांब वायर, पाण्याच्या टाकीजवळ स्टूल, तोंड सुप्याकडे. मागे स्टीलची मोठी परात उभी केली, सिग्नल गोळा करायला. स्क्रीनवर सिग्नल शून्य. परात जरा डावीकडे. शून्य. पुण्याच्या रस्त्याच्या दिशेने. शून्य.

झुंबरबाई त्यांच्या गच्चीवर कपडे काढत होत्या. म्हणाल्या, काय ओ मॅडम, पापड घालताय व्हय? ऊन कुठंय आता! मी म्हटलं, सुप्याला कनेक्शन जोडतेय. त्या म्हणाल्या, थांबा, आमची परात मोठी हाय, ती देऊ का?

दिली. शून्यच. ढग आहेत आज.

बूथवरून फोन केला. महेंद्र म्हणाले, काय सांगतेस! दोन्ही बीप? भले! असा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला. गुरुवारी फॅक्टरीला सुट्टी, म्हणाले, येतोच.

येतोच. फोन ठेवल्यावर गहिनीनाथला आपणहून सांगितलं, साहेब येताहेत. तो म्हणाला, वा. आणि काचेकडे बघत बसला.

१५ सप्टेंबर, बुधवार.
कपाटातले त्यांचे दोन कप्पे रिकामे केले. माझ्या साड्या तिथे उगीच आल्या होत्या. पांढरा सदरा धुऊन कडक इस्त्री. गादीला ऊन दिलं. खिरीसाठी दूध सांगून ठेवलं, रविवारसाठी. हुलगे दळून आणले. उद्या शेंगोळे.

सासूबाई म्हणाल्या, इतकं कशाला करतीस? मी म्हटलं, सण आहेत आई. म्हणाल्या, कुनाचं?

१६ सप्टेंबर, गुरुवार.
महेंद्र कंपनीच्या जीपने आले. ड्रायव्हरला जीप चालू ठेवायला सांगत होते, मग बंद करायला सांगितली.

कार्ड स्वतःच्या हाताने घालून बघितलं. उंच, उंच. खरंच खूश झाले. म्हणाले, पुण्याहून आलेल्या दोघांना जमलं नव्हतं, तू केलंस. मी म्हटलं, सिग्नल अजून पकडत नाही, पण ढग गेले की. ते खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगितलं: ऑफिस इकडे, गोडाऊन रस्त्यापलीकडे, तेवढ्यासाठीच ही कार्डं. सुप्यातल्या सुप्यात. घराशी जोडायचं कधीच नव्हतं. अगदी हळू बोलत होते, वर्गातल्या मागच्या मुलीशी बोलावं तसं.

मी म्हटलं, माहीत आहे मला.

शेंगोळे दोनदा घेतले. सासूबाई म्हणाल्या, ऱ्हातो का आज? म्हणाले, जीप परत द्यायचीय आई. सासूबाई म्हणाल्या, जीप जाऊ दे, तू ऱ्हा. ते म्हणाले, नको. एवढंच. चिडून नाही.

रविवारचं मी विचारलं. म्हणाले, शिफ्ट आहे म्हणून सांग. मग म्हणाले, तू सांगतेसच ना.

लॅपटॉप, चार्जर, पुस्तिका बॅगेत भरली. सदरा मी वरून ठेवला होता. तो त्यांनी काढला, घडी मोडू न देता खुर्चीवर ठेवला. इथं असू दे, म्हणाले.

इथं असू दे म्हणजे लागणार आहे.

टेबल एकदम मोठं वाटतंय. जर्मन शिकायला घ्यावं का?

१९ सप्टेंबर, रविवार.
वाचन झालं. माणसं बरीच आली. सतरंज्या कमी पडल्या, झुंबरबाईंनी त्यांच्याकडची आणून दिली आणि स्वतःही मागे बसल्या. पुढे पांढरी चादर, दोघांची जागा. मी एका बाजूला बसले.

भाऊसाहेब म्हणाले, सुरू करायचं का? महेंद्र? मी तोंड उघडलं. सासूबाई आतून पांढरं लुगडं नेसून आल्या, माझ्या शेजारच्या जागेवर मांडी घातली आणि म्हणाल्या, भाऊसायेब, त्यो तिकडंच ऱ्हातो. शिफ्ट न्हाई, काय न्हाई. आता हिकडं येत न्हाई. आमी दोघी बसतो, वाचा तुमी.

मी खोलीभर बघितलं. कोणीही चमकलं नाही. एकीने दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. गहिनीनाथ दारात उभा होता, तोही नाही. झुंबरबाई सतरंजीची सुरकुती सरळ करत होत्या. भाऊसाहेब म्हणाले, हो, हो, बसा की आई, आणि पान शोधायला लागले. पान आधीच काढून ठेवलेलं होतं.

मग ग्रंथ माझ्याकडे सरकवला. आज तुम्हीच वाचा, ताई.

वाचलं. आवाज मागेपर्यंत गेला.

खीर पुरली. पातेलं सासूबाईंनी घासलं, मी पुसून ठेवलं.