बिनलोखंडी खोलीचा उंबरा

मी, मृत्युंजय गुरुबसप्पा उस्तुरगे, वय अडुसष्ट, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार लातूर, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. उज्वला भातांगळे यांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसा दाखला दिलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल. आईवडिलांनी नाव मृत्युंजय ठेवले असले, तरी त्यावर विसंबून राहण्याचा माझा स्वभाव नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र कुठे सापडलेच तर ते रद्द समजावे.

कलम १. लातूरचे राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी रत्नम्मा हिच्या. त्यांचे काय करावे हे तिला कोणी शिकवू नये. तिच्यानंतर घर मुलगा रविकिरण याचे. रविकिरण कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मी जे वर्षभर शिकवायचो ते तो एका पावसाळ्यात उरकतो आणि पोरे खूश असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, थोडी असूया आहे.

कलम २. नायगाव तालुक्यातील शेत मला आईकडून बक्षीसपत्राने मिळाले. तेही रविकिरणचे, मात्र बांधालगतची दगडी खोली आणि तिच्याभोवतीचे आवार सोडून. त्याला शेतात निवासी क्लास काढायचा आहे. खुशाल काढावा, पण रस्त्याच्या अंगाला. खोलीच्या बाजूला सळई, पत्रा, बोअरची मोटर यांपैकी काहीही येता कामा नये.

कलम ३. ही अट का, ते लिहून ठेवतो. नाहीतर म्हातारा शेवटी चळला असे म्हणतील. त्या खोलीत लोखंड नाही. भिंती दगड-चुन्याच्या, छत सागवानी, बिजागऱ्या पितळी, खिळे तांब्याचे. आत काचेच्या दोन छोट्या कुप्या आहेत. त्यांत रुबिडियम नावाच्या धातूची वाफ भरलेली असते आणि तिच्यातून लेसरचा प्रकाश सोडलेला असतो. आसपास चुंबकत्व असेल तर वाफेतले अणू किंचित कलतात आणि प्रकाशही किंचित वळून बाहेर पडतो. तो किती वळला हे मोजणे, आणि दरवेळी आधीपेक्षा बारीक मोजणे, हे मी आयुष्यभर केलेले काम. कुपीला आतून मेणाचा पातळ थर दिला की अणू भिंतीवर आपटूनही कल विसरत नाहीत. मी ते करत असताना विभागातले सहकारी मला मेणबत्तीवाले सर म्हणत. त्या सर्वांना मी काहीही ठेवलेले नाही.

कलम ४. शेजारच्या डाळमिलचे मालक सिद्रामप्पा यांच्याशी असलेल्या वैराबाबत. यंत्राची संवेदनशीलता एका पातळीवर येऊन अडली, ती पुढे सरकेना. मी दोष सिद्रामप्पाच्या मोटरीला दिला. अर्ज केले, भांडलो, त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. मग माझी विद्यार्थिनी सिंधु शेषेराव ढगे पीएच. डी.साठी आली. तिचे म्हणणे असे, की मोटरीची थरथर दोन्ही कुप्यांना सारखीच लागते, एकीतून दुसरी वजा केली की ती जायला हवी. तिने एक कुपी हातात घेऊन खोलीचा कोपरान् कोपरा मोजला.

"सर," ती म्हणाली, "दोष मशीनमंदी न्हाई. उंबऱ्याकडं कायतरी ओढून राहिलंय."

उंबरा उचकटला. खाली काळ्या घोड्याची नाल निघाली. खोली बांधून होत आली तेव्हा ती रत्नम्माने पुरली होती. तिला विचारले.

"घराला लोखंडाचा तुकडा न्हाई म्हणल्यावर दृष्ट लागायची न्हाई का?" ती म्हणाली. "वर ठोकली असती तर तुमी उपटली असती. म्हून खाली पुरली."

नाल निघाली त्या दिवसापासून यंत्र असे चालू लागले की आम्ही दोघा गुरुशिष्यांनी आकडे पुन्हा पहिल्यापासून घेतले. ती नाल लातूरच्या घराच्या चौकटीवर ठोकावी. तिने दृष्ट अडवली नाही असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही.

सिद्रामप्पाची मोटर तशीही अर्धी दोषी आहे, हे माझे मत कायम आहे. मात्र मृत्युपत्राला साक्षीदार असा लागतो की ज्याला या कागदातून काही मिळत नाही. असा माणूस शोधायला मला लांब जावे लागले नाही.

"मला काय ठिवलं, मास्तर?" सिद्रामप्पाने आल्या आल्या विचारले.

"काही नाही."

"मग आना पेन."

कलम ५. यंत्र इतके बारीक झाल्यावर सिंधुला त्याने माणसाचे हृदय मोजायचे होते. धडधडणाऱ्या हृदयालाही चुंबकत्व असते, पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे नगण्य. पहिला माणूस म्हणून मी आत झोपलो. माझ्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या करंड्याला पोलादी खीळ होती, ती मी उदगीरच्या सोनाराकडून केव्हाच चांदीची करून घेतली होती. आलेल्या रेघेत मधूनमधून एक ठोका गायब होता. सिंधु म्हणाली, यंत्र चुकले. मलाही तसेच वाटावे अशी इच्छा होती. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. पुढे डॉ. भातांगळे यांनी त्यांच्या यंत्रावर तेच पाहिले आणि पेसमेकर बसवायला सांगितले.

पेसमेकर म्हणजे धातूची डबी, आत बॅटरी. ती छातीत घेऊन माणूस खोलीत शिरला की कुप्या दुसरे काही सांगतच नाहीत. माझ्याच नियमाने मला मज्जाव होतो. म्हणून मी पेसमेकर नको म्हणालो. जितके दिवस मिळतील तितके आत काढावेत, असा माझा हिशेब होता.

इथे एक सांगायला हवे. रत्नम्मा त्या खोलीत कधीही आली नाही. तिच्या मंगळसूत्राच्या फाशात पोलादी स्प्रिंग आहे. काढून ठेव आणि ये, असे मी म्हणायचो. ती उंबऱ्याबाहेर चहा ठेवून जायची. माझा नकार तिने ऐकून घेतला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बरं हाय. तुमी आतच गेलात तर मला आत यायची अडचण न्हाई ऱ्हाणार. मंगळसूत्र काढलेलंच असंल मग."

मी डॉ. भातांगळे यांना होकार कळवला. उद्या सोमवारी लातुरात माझे ऑपरेशन आहे.

कलम ६. दगडी खोली, तिचे आवार, कुप्या, लेसर, मेणाचे भांडे आणि सगळ्या नोंदी सिंधु शेषेराव ढगे हिच्या. वकिलांनी सांगितले, की मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते, जिवंतपणी द्यायचे तर वेगळे बक्षीसपत्र करावे लागते. ते केले आहे. खोलीची पितळी किल्ली मी आज तिच्या हातात दिली. ती रडली. मी रडलो नाही, पण किल्ली लगेच सुटली नाही हे खरे आहे. कोणासाठीही नियम मोडायचा नाही, माझ्यासाठीही नाही, असे तिच्याकडून कबूल करून घेतले.

कलम ७. आम्हा लिंगायतांत दहन नसते, बसवून माती देतात. माझ्या वडिलांची समाधी त्याच शेतात, खोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मलाही तिथेच जागा हवी. मात्र माती देण्याआधी डॉक्टरांकडून पेसमेकर काढून घ्यावा. जाळायचे असले की तो काढतातच. पुरताना कोणाच्या लक्षात येत नाही. समाधीवर चुना-दगड चालेल, सळई नाही. एवढे केले म्हणजे सिंधुला माझी अडचण होणार नाही.

हे कलम मी रत्नम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आन् तवर?"

तोवर मी तिच्यासोबत उंबऱ्याबाहेर बसेन. तिथला चहा मी आजवर एकट्यानेच प्यालो, आणि बहुतेक वेळा गार झाल्यावर.

वर लिहिलेले वाचून, समजून, खाली सही केली.

मृत्युंजय गुरुबसप्पा उस्तुरगे
लातूर, रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. उज्वला भातांगळे, लातूर
२. सिद्रामप्पा, डाळमिलवाले, ता. नायगाव (मोटरीबाबतचा मजकूर मान्य नाही)