कडब्याखालची विहीर

निमोणे,
९ फेब्रुवारी, रविवार

ईश्वरदादांना धाकट्या सुवर्णाचा नमस्कार.

ललितावहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका. आमच्याकडे शेवंतीचा शेवटचा तोडा चालू आहे. दौंडला तुम्हाला फोन लावला की मोबाइलमधली ती बाई रोज सांगते, साहेब दुसऱ्या कॉलवर आहेत. तिच्याशीच माझी आता चांगली ओळख झाली आहे. म्हणून चिठ्ठी लिहिते. चिठ्ठी फाडता येते, पण माणूस फाडायच्या आधी वाचतो.

येत्या गुरुवारी आमच्या माळावर मांडव पडणार आहे. लग्नाचा नाही, खडीच्या खाणीच्या जनसुनावणीचा. तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा, सुरुंगाचं काम तुमच्याकडेच आहे असं कळलं.

पर्यावरणाचा अहवाल ग्रामपंचायतीत ठेवलाय. ह्यांनी मला वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, माळ ओसाड आहे, अर्ध्या किलोमीटरच्या आत एकही विहीर नाही, आणि खाण संपली की खड्डा मातीनं भरून वर झाडं लावणार. माती कुठून आणणार ते लिहिलेलं नाही, आमचीच नेतील बहुतेक. आणि खडक फुटून झरा एकदा खाली उतरला की तो कोण वर आणून देणार? पलीकडच्या शिवारात खाण आली आणि बघता बघता विहिरींचे तळ दिसले. विहीर गेली तर आमची शेवंती गेली, आणि शेवंतीशिवाय आमच्याकडे काही नाही.

विहीर नाही असं लिहिलं, ही लिहिणाऱ्यांची चूक नव्हे. आमचीच अक्कल चरायला गेली होती. गेल्या उन्हाळ्यात पांढरी गाडी आली, पाठीला मशीन लावलेली पोरं उतरली. कुणीतरी बांधावरून ओरडलं, "बोर्डाची गाडी आली रं!" आमची मोटार आकड्यावर, चोरीच्या विजेवर चालते, हे तुमच्यापासून लपलेलं नाही. मग वायरमन आला की करतो तेच केलं. वायर ओढली, विहिरीवर बांबू टाकले, त्यावर शेडनेट आणि वर कडबा. विहीर अरुंद, झाकायला कितीसा वेळ! पोरं निघाली खाणीच्या अहवालाची; त्यांनी विहिरीचं विचारलं तेव्हा आमचे सासरे, हौशीराममामा, छाती काढून म्हणाले, "हीर? हितं कुठं न्हाई बा हीर. आमी टँकरचं पानी पितो." ते सगळं त्यांच्या मोबाइलात आहे.

आता कडबा काढला, तर सुनावणीचे साहेब म्हणतात, खाण अडवायला नवी पाडलीत. सातबाऱ्यावर नोंद नाही, कारण मामांचं एकच, "नोंद केली की पट्टी लागती." शेजाऱ्यांनीही आपापल्या विहिरी झाकल्या होत्या, त्यांचं कोण ऐकणार? मामा धड जेवत नाहीत. काठावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतात. काल मला म्हणाले, "माज्याच जिभंनं बुजिवली गं म्या हीर." त्यांना तिथं एकटं सोडायची मला भीती वाटते, म्हणून तोडा टाकून मी त्यांच्याजवळ बसते.

दादा, मी उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसले. त्या दिवशी त्या पांढऱ्या गाडीत पुढच्या सीटवर तुम्ही होतात. मी डोक्यावर पेंढी घेऊन उभी होते. आपली नजरानजर झाली. वाटलं, उतराल, चहा मागाल. तुम्ही काच वर केलीत.

कडब्याखाली काय आहे हे त्या गाडीत एका माणसाला ठाऊक होतं. त्या विहिरीचा पहिला सुरुंग तुम्ही उडवलात. पाणी लागलं तेव्हा माहेरचं माणूस म्हणून तुम्हीच हिरवं पातळ घेऊन आलात, काठावर माझी ओटी भरलीत, आणि पहिली कळशी शेंदून मी तुमच्या पायांवर ओतली. आमचा आकडा उघडा पडू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात, अशी मी मनाची समजूत घातली. पण मग अहवाल आला तेव्हाही तुम्ही गप्पच. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

पाया पडते तुमच्या. मांडवात उभे राहा आणि एवढंच म्हणा, ही विहीर मी पाडली आहे. आमचं खोटं ठरेल, कंपनीच्या माणसाचं ठरणार नाही. तुमचं काम जाईल, मला कळतं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण दुसरा साक्षीदार मी आणू कुठून?

गुरुवारी ते हिरवं पातळ नेसून मी पहिल्या रांगेत बसणार आहे. विहीर जुनी कशावरून, असं साहेब विचारतील. मी म्हणेन, माझ्या भावाला विचारा. मग सगळे तुमच्याकडे बघतील, आणि तिथं वर करायला काच नसेल.

अहवालात विहीर नाही. बहीण आहे की नाही, ते तुम्ही त्या दिवशी सांगा.

तोवर तुमचीच,
सुवर्णा