सोनेरी दातांची जोडी

छत्रपती संभाजीनगर,
मे महिना, टँकरची वाट बघता बघता

दोस्त कारभारी यास,

फर्दापूरच्या माळावर तुझ्यासंगं मेंढरं राखलेल्या खंडेरावाचा जय मल्हार. तुझा गुडघा कसा हाय? वहिनीचा खोकला गेला का? सोयगावाकडं विहिरींना पाणी असंल तर कळवू नको, उगं जीव जळतो. आमचं समदं झकास. (नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेबी त्याच्या मर्जीनं. पण शहर लई वाढायलंय, हे कबूल केलंच पाहिजे.)

आमच्या आदिनाथनं घरीच कॉम्प्युटरवर सिनेमे करायचा धंदा मांडलाय, हे तुला ठाऊक हाय. नटनट्यांचे नाय. बिल्डरचा प्लॉट नुसतं कुसळाचं रान असतो, तवा तिथं पुढं बंगले आन् झोके कसे दिसतील ते हा दाखवतो. या खेपेला शेंद्र्याकडच्या एका बिल्डरनं सांगितलं, मधोमध तळं पाहिजे, लाटांसकट. आदिनाथनं तळं भरलं आन् कॉम्प्युटर अडून बसला. पोरगा म्हणला, एवढ्या पाण्याला रॅम कमी पडायलीय. (रॅम म्हंजे कॉम्प्युटर काम करताना ज्याच्यावर सामान मांडून बसतो तो पाट. पाट लहान असला की निम्मं सामान खाली.) काय दिवस आले बघ! गल्लीत पाणी पुरंना म्हणून भांडणं, आन् आमच्या घरात कॉम्प्युटरातलं पाणी मावंना म्हणून. त्यात पुण्याच्या एका कंपनीचं पोराला बोलावणं आलेलं. म्हणला, बाबा, हे काम हुकलं तर मी पुण्याला जातो. मी वरून 'जा की' म्हणलो, पण त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाय. एकुलतं एक लेकरू. ते गेल्यावर मी आन् राजाबाईनं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं का?

मग रॅम बघायला पैठण गेटाकडच्या दुकानात गेलो. आदिनाथ मला नेत नव्हता, पण जित्राब असो का रॅम, खरेदीला जाणता माणूस संगं पाहिजे. दुकानदारानं दोन जोड्या काढल्या. (रॅम जोडीनंच घ्यायची असती. एक चपळ आन् एक मंद आणली तर दोन्ही मंदाच्या चालीनं चालत्यात. हे ऐकून मला दुकानदाराविषयी आदर वाटाय लागला.) एक साधी काळी, दुसरी रंगीत दिवे लागणारी आन् दाम दीडपट. मी म्हणलो, आधी दात दाखवा. आदिनाथनं कपाळाला हात लावला, पण दात निघाले की! खालच्या अंगाला सोनेरी, एका वळीत. दुकानदार म्हणला, "चाचा, बकरा नै है ये." मी म्हणलो, जातवान हाय एवढं कळलं, बास.

मग त्याच्याच मशीनवर दोन्हीची चाल बघितली. एकच तळं दोन्हींवर चालवलं. दिवेवाली आधी पोचली, पण किती आधी? राजाबाई एक कांदा चिरंल तेवढ्यात काळीबी मागून आली. तेवढ्यासाठी दीडपट दाम? शिवाय दिवे पेटीच्या आत! आदिनाथनं मग काळीचं ओव्हरक्लॉकिंग केलं, म्हंजे कंपनीनं ठरवलेल्या चालीपेक्षा तिला जास्त पळवली. मला ते काय पटलं नाय, मुक्या जिवाला असं तंगडवू नये. पण ती पठ्ठी दिवेवालीच्या बरोबरीनं पळाली आन् तपासणीत कुठं अडखळली नाय. काळीच घेतली.

घरी आलो. आदिनाथ टँकरच्या रांगेला गेला आन् जोडी टेबलावर राहिली. आता तूच सांग कारभारी, नवं जित्राब दावणीला आलं आन् आपण त्याला भंडारा लावला नाय, असं कधी झालंय का? देवाची चिमूट आणली, दोघींच्या कपाळाला लावली, आन् इतके सुरेख दात, म्हणून दातांनाबी चोळली.

आदिनाथनं येऊन जोडी बसवली, बटण दाबलं. पडदा काळा ठिक्कर. दुकानात वाऱ्यासारखी पळालेली जोडी घरात मेली! पोरगं डोकं धरून बसलं. म्हणला, मीच जास्त पळवली, मीच जाळली. मीबी चार शब्द सुनावले. (देवाशपथ, तवा मला खरंच तसं वाटलं.) दोन दिवस कॉम्प्युटर तसाच पडून. राजाबाईनं पोराची बॅग माळ्यावरून काढलीबी.

शेवटी आदिनाथनं तुझ्या लेकीला, प्रांजलीला फोन लावला. ती वाळूजच्या कंपनीत कॉम्प्युटरच बघती, म्हणून. पोरगी हॉस्टेलवरून उन्हातान्हात आली, पेटी उघडली, जोडी काढली, आन् दात बघून माझ्याकडं बघितलं. माझ्या बोटांना अजून पिवळं होतं. मी हात पाठीमागं घेतले. लई लाज वाटली रं. पण ती म्हणली काय? "धूळ बसली होती काका, शहरात बांधकामं लई." खोडरबरनं दात चोळले, फुंकर मारली, बटण दाबलं, आन् तळं लाटांसकट भरलं! बिल्डर खूश झाला, पुढच्या दोन स्कीमाबी आदिनाथलाच दिल्या. पुणं रद्द.

बाकी विशेष काय नाय. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
खंडेराव

ता. क. : गुडघ्याची चौकशी खरीच हाय, पण पत्र त्याच्यासाठी लिहिलं नाय. माझी अब्रू झाकणारी पोरगी मला सून म्हणून पाहिजे. नाय म्हणू नको. जोडीची चाल मी सोता बघितलीय, बरोबरीची हाय.

ता. क. दुसरा : पत्र राजाबाईला वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसाय लागली. आदिनाथला दातांवरचा भंडारा पहिल्याच दिवशी दिसला होता म्हणे. बाबाला वाईट वाटंल म्हणून गप बसलो, म्हणतो. राजाबाईनं विचारलं, मग खोडरबर घरात नव्हतं व्हय रं? त्यावर पोरगं टँकर आला म्हणून बादली घेऊन पळालं.

टँकर आलेला नव्हता.