शर्टाची घडी

नायगाव, सोमवार संध्याकाळ

जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

काल ह्यांनी ऑफिसातला प्रोजेक्टर घरी आणून चादरीवर हॉलिवूडचा एक पिक्चर दाखवला. मुलगा लढाईत मारला गेल्याची तार येते, आणि आई गुपचूप त्याच्या शर्टाची घडी घालत बसते. डोळ्यांत टिपूस नाही! मी म्हटलं, "दगड आहे बाई. आई कधी अशी वागेल? गोष्टच खोटी." हे म्हणाले, "अगं, अभिनय तो हाच." सासूबाई उठून चादर काढायला लागल्या.

आज हरताळ, म्हणून हे घरीच होते. दुपारी धाकट्या दिराचा, दिनूचा मित्र धावत आला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, दिनूला गोळी लागली, इस्पितळात नेलंय. मी किंचाळलेच. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या मित्राला म्हणाल्या, "आधी पाणी पी रे." एवढंच. माझ्या डोळ्यांपुढे तो शर्ट, ती घडी. म्हणजे माणसं खरंच अशी असतात? की मलाच बघता येत नाही?

त्या ह्यांच्याबरोबर गेल्या. मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. दिवेलागणीला हे एकटेच परतले.

"मांडीत लागलीय. वाचला."

"आणि सासूबाई?"

"वाटेत एक शब्द नाही. त्याला शुद्धीवर बघितलं, आधी एक थोबाडीत ठेवून दिली, आणि मग असा हंबरडा फोडला, की अख्खा वॉर्ड गोळा झाला."