सलोख्याचा काठीनाच

३ एप्रिल
निश्चय पक्का. शाळेच्या अंगणात सगळ्या गावासमोर पोरांचा काठीनाच बसवायचा. खून पडल्यापासून रशवान आणि दाही ही घराणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांची पोरंसुद्धा वर्गात दोन टोकांना बसतात. मी नेमक्या त्यांच्याच जोड्या लावणार. बारा वर्षं इजिप्तच्या दक्षिणेत, या सोहागकडच्या गावात पीटी शिकवतोय. तरी म्हणे अलेक्झांड्रियाचे उस्ताद! समेट घडवला की कोण म्हणतो बघू. मी इथलाच.

९ एप्रिल
पहिली रिहर्सल. नियम सांगितला: काठी डोक्यावरून फिरवायची, समोरच्याला नुसती दाखवायची, लावायची नाही. कमाल रशवानने लावली. बदर दाहीचा दात पडला. दुधाचा होता, पडणारच होता. बदर कमालच्या कानाला चावला. उत्साह दांडगा आहे.

१० एप्रिल
काठ्या बंद. उद्यापासून ऊस. डोकं लागतं याला.

११ एप्रिल, दुपार
पोरांनी हत्यारं खाल्ली. उरलेल्या बुडख्यांनी मारामारी. एक माझ्या गुडघ्यावर बसला. रागवायचं नाही असं ठरवलंय. रागावलो नाही. हाताला सापडले त्यांना एकेक ठेवून दिली, एवढंच.

१८ एप्रिल
नामी कल्पना! सुरुवातीला दाहींची पोरं मान खाली घालून, दोन्ही हातांवर घडी केलेलं पांढरं कापड घेऊन येतील आणि रशवानांच्या पोरांना देतील. शांततेची खूण. मुख्याध्यापिका फायका बाई म्हणाल्या, "अहो उस्ताद, पांढरं नको, आपल्याकडे..." मी मध्येच थांबवलं. कलेतलं त्यांना काय कळतंय!

२५ एप्रिल, दवाखाना
इथे खुनाची माफी मागायची तर खुनी स्वतःचं कफन असं हातांवर घेऊन मेलेल्याच्या दारी जातो. मला माहीत होतं हे. ऐन वेळी आठवलं नाही. आणि मेलेला माणूस दाहींचा.

नाचाच्या सुरुवातीला पोरं कापड घेऊन निघाली, तसा बदरचा आजा उठून ओरडला, "माणूस आमचा गेला, आणि कफनही आमच्याच पोरांनी न्यायचं?" पहिलं डोकं त्यानेच फोडलं. मग काठ्या, खुर्च्या, विटा. सनईवाल्याची सनई त्याच्याच पाठीत मोडली. एकाचा हात कोपरातून उलटा लोंबत होता. मी हात वर करून मध्ये घुसलो, म्हटलं, अरे, मी तुमचाच! दोन्हीकडून बसली.

पोरं उसाच्या मोळीवर बसून बघत होती. कमाल बदरला म्हणाला, "तुझा काका नुसती दाखवत नाहीये रे."

२ मे
समेट झाला! एवढं रक्त पुरे, म्हणून रशवानांचा कर्ता माणूस स्वतः कफन घेऊन दाहींच्या दारी गेला. माझ्यामुळे! मीही पट्टी बांधून गेलो. वडीलधाऱ्यांनी दोन्हीकडची फुटलेली डोकी, मोडलेले हात हिशेबात समोरासमोर धरले, फिट्टंफाट केली. मी विचारलं, माझं डोकं कुणाच्या बाजूला धरलंत?

बदरचा आजा मायेने म्हणाला, "तुमचं कशाला धरायचं, उस्ताद? तुम्ही पाहुणे."

फार लागलं. टाके पडले तेव्हा इतकं लागलं नव्हतं.

चहा मात्र सगळ्यांच्या आधी मला दिला.