दुधी की दुदी

४ मे २०२५, रविवार

काकी आज ओरडल्याच! "गो ज्योती, हय काय कुसता?" — नाकाला पदर, बोट माझ्या बादलीकडे.

मी म्हटलं, कॉफीचा चोथा आहे, भाज्यांची सालं आहेत. खत करतेय.

"कॉफी? झाडांक कॉफी पाजलंस तर तांका न्हीद कशी येतली?"

हसल्या की चिडल्या, कळलं नाही. पण घरमालकीणबाईंना आत्ता नाराज करून मुळीच चालणार नाही. करार ३१ ऑगस्टला संपतोय. त्यांचा मुलगा श्रीनाथ मागच्या आठवड्यात विनायकला म्हणाला — खोली रंगवून एअरपोर्टवर काम करणाऱ्यांना देणार, तुम्ही चवथ, म्हणजे इकडचा गणपती, करून निघा. बोलला नीट, गोड. पण निघा म्हणजे निघाच.

लग्नाला सहा वर्षं, आणि ही चौथी खोली. विनायकचा कारखाना बदलला की खोली बदलते. पण दार उघडलं की माती, अशी ही पहिलीच! कोल्हापुरात मी तिसऱ्या मजल्यावर वाढले. तुळससुद्धा आमच्याकडे तुपाच्या डब्यात. मला इथून जायचं नाही. लिहूनच ठेवते — जायचं नाही!

६ मे

चूक कळली. मी चोथा भाकरीसारखा थापत होते, थरावर थर. खाली हवाच नाही. वर पांढरी बुरशी.

आमच्या दुकानात कॉफी करतो तो प्रज्योत म्हणाला, "ताई, चोथा मूठभर, सुका पाला घमेलंभर. पाला नसला तर पुठ्ठा फाडून घालायचा. खाली-वर करत राहायचं." हायवेवरच्या त्या दुकानात मी दिवसभर कप विसळते आणि बिलं फाडते, आणि हा पोरगा मला शेती शिकवतो! चोथ्याचा डबा मात्र रोज भरून देतो. नाहीतर जातो कचऱ्यातच.

काजूचा पाला गोळा केला. दोन पोती.

१५ मे

वास गेला! काकी स्वतः येऊन वास घेऊन गेल्या. मातीचा येतो म्हणाल्या.

मग आतून सुपात सालं घेऊन आल्या, त्यात बिया. "ह्यो दुदीच्यो बियो. टाक थंय." आणि तिथेच पायरीवर बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे. म्हणाल्या, चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात — लाकडी चौकट, तिला नारळ, फळं, भाज्या, रानातलं काय काय लटकवायचं. "एक तरी वस्तू आपल्या परसातली जाय. तुजे काका गेल्यार चार वर्सां सगळा बाजारातला बांधतंय."

इतकं वाईट वाटलं! आणि तोंडातून निघून गेलं, "काकी, यंदा दुधी मी देते."

दुधी कसा लावतात तेही मला माहीत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

२२ मे

सात कोंब!!

२९ जून

वेल काकींच्या न्हाणीच्या पत्र्यावर चढलाय. पानं ताटाएवढी. दुकानातून येते, चप्पल काढायच्या आधी त्याला बघते. विनायक म्हणतो, "मी पण आलोय घरी." बिचारा.

पण आज फुलं आली, पिवळी. फोनवर बघितलं तर दुधीची फुलं पांढरी! माझीच पिवळी कशी? कॉफी जास्त झाली का?

५ जुलै

दुधी गोल येतोय! लिंबाएवढे तीन, गोलगरगरीत. वर रेघा. काय पाजलं मी झाडाला! त्यातले दोन संध्याकाळपर्यंत पिवळे पडून गळले.

विनायक म्हणाला, "आता चहाचा चोथा घाल, लांब होईल."

त्याच्याशी बोलणं बंद. जेवायला वाढलं, पण न बोलता.

१२ जुलै

गावाहून हौसाआत्या आल्या. माझ्या सासूबाई. बोलणं परत सुरू करावं लागलं.

१३ जुलै, रविवार

हसून हसून पोट दुखतंय, आधी लिहून टाकते.

पावसात चोथा कुजू नये म्हणून मी थोडा खिडकीत पत्र्याच्या झाकणात वाळत घातला होता. आत्या सकाळी उठल्या, चिमूटभर घेतला आणि दात घासायला बसल्या! चांगला पाव तास. मग म्हणतात कशा — "ज्योते, तुमच्या गोव्याची मिश्री लई कडू गं. आन डोसक्याला काय चढंना. पर दात बघ कसं लख्ख झाल्यात!" विनायक खोलीबाहेर पळाला हसायला.

मी खरं सांगितलं तर चिडल्या नाहीत. उलट विचारलं, "मग ऱ्हायलेली ठिवू का गावाकडं न्यायला?"

मग त्यांना वेल दाखवला. माझा आजारी दुधी. आत्यांनी कपाळाला हात लावला. "अगं येडे, ह्यो तांबडा भोपळा हाय! दुधीचा वेल आन ह्यो वेल वळखंना व्हय तुला? शहरगावची ती शहरगावचीच." आणि फळं का गळतात तेही सांगितलं — पावसात माशा फिरत नाहीत, तर नवरीला नवरा आपणच दाखवायचा. नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि खाली इवलासा भोपळा असलेल्या फुलाला अलगद टेकवलं. मला म्हणाल्या, "लाजू नगंस, बघ नीट."

वेल ठीक आहे! माझी कॉफी ठीक आहे! पण काकींना दुधी कबूल केलेला. संध्याकाळी गेले माफी मागायला. आत्याही मागोमाग.

"काकी, दुधी नाही हो आला. भोपळा आला. तांबडा."

"मगे? तोच न्हय दुदी!"

"दुधी नाही, भोपळा."

"ह्याकाच गो आमी दुदी म्हणतंव!"

मध्ये आत्या — "न्हाई वो बाई, दुधी लांब असतोय." काकी — "लांब आसता ती कोंकणदुदी!" दोघी हात उंचावून भांडताहेत, एक म्हणे दुधी, एक म्हणे दुदी. श्रीनाथ बाहेर आला, ऐकलं आणि कपाळ बडवून आत गेला.

म्हणजे काकींनी मागितली होती तीच भाजी वेलावर होती. पंधरा दिवस मी उगाच झुरत होते!

१ ऑगस्ट

आत्यांनी लग्न लावलेला एकच टिकला. पत्र्यावरून घरंगळू नये म्हणून माझ्या ओढणीची झोळी बांधली. काकी रोज काठी टेकत येतात आणि खालून बघतात. श्रावण, मासे बंद, त्यामुळे त्यांच्याकडची भाजीची सालं दुप्पट येतात. सुपात, रोज सकाळी, माझ्या दाराशी.

खोलीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मीही विचारत नाही. भीती वाटते.

१७ ऑगस्ट

विनायकने कोलवाळला खोली बघितली. दुसरा मजला. मी दुकानातून मोठे खोके मागून आणले, भांडी भरायला लागले.

मी म्हटलं, चवथीपर्यंत थांब ना, काकी काहीतरी बोलतील. तो हळूच म्हणाला, "ज्योती, भ्रमाचा भोपळा आहे हा. फुटला की तूच रडशील." चेष्टा नव्हती. म्हणूनच जास्त लागलं. रडले मग. तोही जवळ बसून राहिला.

२६ ऑगस्ट

भोपळा उतरवला! विनायक पत्र्यावर, मी खाली झोळी धरून. केवढा जड!

काकींच्या घरी माटोळी बांधली. नारळ, सुपारीचा घड, तवशी — म्हणजे मोठ्या काकड्या — आणि मधोमध आमचा. श्रीनाथने सुंभाने दोनदा बांधला, देवाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. काकी सगळ्या येणाऱ्यांना सांगत होत्या, "परसातलो! कॉफी पिऊन वाडलो!" हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. काकांच्या फोटोकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

खोली राहो न राहो. मला आज फार फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — राहिली तर हवीच आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

माटोळी उतरली. भोपळा फोडायचा होता. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिला कोयता लावायचा नाही, हे इकडेही तसंच! विनायक कामावर. काकींनी श्रीनाथला हाक मारली. त्याने दोन भकलं केली. आत काय केशरी रंग!

काकींनी बिया काढल्या, राखेत घोळल्या आणि माझ्या ओंजळीत घातल्या. "फुडल्या चवथीक ह्योच बियो हयच लाव."

हयच! इथेच!

श्रीनाथ कोयता पुसत म्हणाला, "आई, मी रंगारी सांगितलाय."

"मगे येवंदी. रंगवन दी. ह्यांकाच बरा दिसतला."

तो माझ्याकडे बघून हसला, मान हलवली आणि गेला.

खोके फाडत बसलेय. पुठ्ठा खतात चालतो.